मादी म्हणून घेतला, नर निघाला

बॉल पायथन या पाळायच्या परदेशी अजगराचं पिल्लू मादी म्हणून घेतलं आणि दीड वर्षानं ते नर निघालं. ‘क्लाऊन’ या नक्षीसाठी शंभर टक्के हेट, म्हणजे नक्षी दिसत नसली तरी तिचं जनुक नक्की असलेली, म्हणून घेतलेल्या मादीच्या पहिल्या क्लचमधून, म्हणजे अंड्यांच्या पहिल्या खेपेतून, सगळी साधीच पिल्लं आली. पेटी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटीत काळे माइट, म्हणजे सापाच्या अंगावरचे गोचिडासारखे बारीक जीव, तरंगताना दिसले. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या साप पाळणाऱ्या मंडळींत असं काही झालं की दोनच सूर लागतात. एक म्हणतो, ब्रीडरचं नाव फोटोसकट सगळीकडे टाका, परत त्यानं धंदा करता कामा नये. दुसरा म्हणतो, जिवंत जनावर आहे, मोबाईल नव्हे. पदरात पडलं ते पवित्र करून घ्यायचं. मग आठवडाभर शिवीगाळ चालते, दोन जुने मित्र एकमेकांशी बोलायचे बंद होतात, आणि ज्याचे पैसे गेलेत त्याच्या हाती काहीच लागत नाही.

दोन्ही बाजू एकाच प्रश्नावर भांडतात: ब्रीडर चोर आहे की नाही? माझ्या मते घोटाळा तिथंच आहे. नुकसान भरून मिळायला चोरी सिद्ध व्हावी लागत नाही. सांगितलं एक आणि आलं दुसरं, एवढं दिसलं की भरपाईचा हक्क उभा राहतो, मग विकणाऱ्याच्या मनात काहीही असो. आणि भरपाई वेळेत, कुरकुर न करता झाली, तर तीच चूक पुन्हा पुन्हा होताना दिसेपर्यंत त्याला चोर म्हणायचा हक्क आपल्याकडे उरत नाही.

यात नवं काही नाही. आपल्या जनावरांच्या बाजारात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. खिलार बैल घेताना दात मोजतात, चालवून बघतात, औताला धरून बघतात. दुभती म्हैस दुधाच्या बोलीवर घेतात, गाय गाभण असल्याच्या बोलीवर. बोली खोटी ठरली तर जनावर परत जातं किंवा पैसे तुटतात. तेव्हा हेड्याला मुद्दाम फसवलंस का असं फारसं कोणी विचारत नाही. बोलीला जागणार की नाही, एवढंच विचारतात. जागला नाही, तर पुढच्या बाजारी त्याच्या दावणीपुढे गिऱ्हाईक थांबत नाही. प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी हीच रीत हुकुमात बसवली होती. गुलाम किंवा ओझ्याचं जनावर विकणाऱ्यानं रोग, खोड आधी सांगायची. न सांगितलेलं निघालं तर घेणाऱ्याला दोन वाटा: सहा महिन्यांत माल परत, नाहीतर वर्षभरात किमतीतला फरक. विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं, ही सबब तिथं चालत नसे. (माणसं विकणाऱ्या समाजाकडून न्याय शिकायचा म्हणजे अवघडच, पण ‘परत किंवा फरक’ ही जोडी आजही त्याहून सुटसुटीत कोणी मांडलेली नाही.)

आपला १८७२ चा करार कायदा इतका उदार नाही. त्याच्या सतराव्या कलमाखाली घोड्याचं उदाहरण आहे: लिलावात सदोष घोडा विकला, विकणाऱ्याला दोष माहीत होता, तो गप्प बसला, तर ती फसवणूक नव्हे. पण त्याच कलमाखालचं दुसरं उदाहरण सापवाल्यांनी पाठ करावं असं आहे. घेणारा म्हणतो, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निकोप आहे असं मी धरून चालेन’, आणि विकणारा गप्प राहतो. इथं त्याचं मौन म्हणजे बोलणंच. म्हणून पैसे पाठवण्याआधी चार ओळी लिहून पाठवायच्या: जात, मॉर्फ (रंग-नक्षीचा प्रकार) आणि हेट, नर की मादी आणि ते कसं तपासलं, अंड्यातून बाहेर आल्याची तारीख, आजचं वजन, शेवटची तीन फीडिंग कधी आणि कशाची. खाली एक वाक्य: ‘यात काही चूक असेल तर आत्ता सांगा, नाहीतर हे बरोबर धरून मी पैसे पाठवतोय.’ एवढ्यानं निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. चूक नेहमी विकणाऱ्याच्या फायद्याचीच कशी होते? मादी म्हणून नर येतो. नर म्हणून स्वस्तात मादी आल्याचं क्वचितच ऐकू येतं. हा संशय रास्त आहे आणि त्याला ‘माणूस आहे, चुकतो’ असं उत्तर पुरत नाही. खरं उत्तर तपासणीच्या पद्धतीत आहे. पिल्लांचं लिंग बहुतेक ठिकाणी ‘पॉप’ करून बघतात: शेपटीच्या बुडाशी अंगठा हलकेच फिरवत गुदद्वाराकडे दाब द्यायचा. नर असेल तर दोन्ही लिंगं (सापाला ती दोन असतात) बाहेर येतात. मादीत काही बाहेर येत नाही. म्हणजे नर ठरवायला पुरावा दिसतो, मादी ठरते ती पुरावा न दिसल्यामुळे. पिल्लू गार पडलेलं असेल, आखडून बसलं असेल, हात नवखा असेल, तर नर असूनही काही दिसत नाही आणि वहीत ‘मादी’ लिहिलं जातं. चूक होते ती एकाच दिशेनं, आणि नेमकी मादीच महाग असल्यामुळे फायद्याच्या दिशेनं. मोठ्या सापाला सळई घालून, म्हणजे प्रोब करून बघतात. बॉल पायथनच्या मादीत ती शेपटीखालच्या तीन-चार खवल्यांइतकी जाते, नरात आठ-दहापर्यंत. तिथंही सळई अर्ध्यात अडकली की नराची मादी होते, आणि जोर लावला तर मादीला इजा होऊन तिचा नर होतो.

मग ब्रीडर सुटला का? नाही. चूक कुठल्या दिशेला झुकते हे त्याला घेणाऱ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून मादी म्हणून विकायचं पिल्लू त्यानं दोनदा, आठवड्याच्या अंतरानं, पिल्लू उबदार असताना तपासायला हवं. खात्री नसेल तर ‘लिंग नक्की नाही’ असं लिहून त्या भावात विकायला हवं. एकदा चूक झाली तर फरक परत. समजा मादी म्हणून १८,००० दिले आणि त्याच जोडीचा तसाच नर त्यानं १२,००० ला विकला, तर ६,००० परत, विषय मिटला. एकाच ब्रीडरकडून वर्षात चार ‘माद्या’ नर निघाल्या, तर ती चूक राहत नाही. तो हलगर्जीपणा आहे, आणि तिथं नाव घेऊन बोलायला माझी हरकत नाही.

हेटचा हिशोब याहून नाजूक आहे आणि इथं आरडाओरडा करणारे बहुधा गणितात नापास असतात. क्लाऊन, पाइड, अल्बिनो ही अप्रभावी जनुकं. आई आणि बाप दोघांकडून आली तरच दिसतात, एकाकडून आली तर साप दिसायला साधा, पण हेट. दोन हेटांची जोडी लावली आणि सहा अंडी आली, तर प्रत्येक पिल्लू क्लाऊन असण्याची शक्यता चारात एक. सहापैकी एकही क्लाऊन न येण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा सहावा घात, म्हणजे सुमारे १८ टक्के. जवळजवळ पाचात एकदा, सगळे खरे बोलत असूनही, हाती फक्त साधी पिल्लं येणार. एवढ्यावरून कोणाची अब्रू काढायची? तोच साप क्लाऊन नराला लावला आणि सहापैकी एकही क्लाऊन आला नाही, तर ती शक्यता ६४ त एक. तिथं ब्रीडरला फोन करायला आधार आहे. ‘६६ टक्के हेट’, म्हणजे हेट असण्याची शक्यता तीनात दोन, असं लिहिलं असेल तर तीनातला एक साप कोरा, ते जनुक नसलेलाच असणार, हे विकत घेतानाच विकत घेतलेलं असतं.

त्यातही प्रामाणिक चुकीला जागा आहे. मादी आधीच्या मिलनाचं वीर्य महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते, एकाच क्लचला दोन बाप असू शकतात. ब्रीडरनं बापाचं नाव मनापासून लिहिलं तरी ते चुकीचं निघू शकतं. ॲक्सँथिक या पिवळा रंग नसलेल्या मॉर्फच्या वेगवेगळ्या लाइन, म्हणजे वेगवेगळे मूळ वंश, एकमेकांशी जुळत नाहीत. वर सांगितलेल्या चार ओळींत लाइनचं नाव लिहायचं राहिलं की तीन वर्षांनी दोन खरे हेट एकत्र येऊनही साधी पिल्लं येतात आणि दोन्ही ब्रीडर ‘लबाड’ ठरतात. यावर उपाय कागदाचाच: आईबापाचे फोटो, लाइनचं नाव, आणि ‘हेट खोटा ठरल्यास काय’ याचं एक वाक्य. मादी जोडी लावण्याजोगी, म्हणजे साधारण दीड किलोची, व्हायला तीन वर्षं लागतात, आणि ग्राहक आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ती विक्रीच्या दिवसापासून मोजायची की पिल्लं आल्यापासून, यावर वकील सुखानं भांडतील. सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून असलेला सीमाप्रश्नाचा दावा ज्यांच्या ओळखीचा आहे, त्या सीमाभागातल्या लोकांना अशा भांडणाची लांबी मी काय सांगावी?

रोगराईच्या तक्रारीत मात्र घेणारा स्वतः किती स्वच्छ आहे हे आधी बघावं लागतं. माइटचं चक्र, अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत, दोन-तीन आठवड्यांचं. पेटी उघडल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या खाचेत पूर्ण वाढलेले माइट दिसले तर ते ब्रीडरकडूनच आले. चाळीस दिवसांनी दिसले आणि घरात आणखी पाच साप असतील, तर कोणाकडून कोणाकडे गेले हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. श्वासाच्या आजाराचंही तेच. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर. पावसाळ्यात खोली दमट आणि गार, डिसेंबरच्या रात्री पारा पंधराच्या खाली. बॉल पायथनला गरम बाजूला ३१ ते ३३ आणि गार बाजूला २५ ते २७ अंश लागतात. थर्मोस्टॅट नसलेली हीट मॅट, त्यात रात्रीची लाईट गेली, असे चार-पाच दिवस गेले की पंधरवड्यात साप तोंड उघडून श्वास घेतो, नाकाशी बुडबुडे दिसतात. अथणीकडे उलटं: एप्रिलच्या कोरड्या हवेत ओलावा ६० टक्क्यांच्या बराच खाली जातो, कात तुकड्यातुकड्यानं निघते, डोळ्यावरची टोपी अडकते. दोन्हीकडे वाक्य एकच, ‘आजारी साप विकला’. आणि प्रवासातून आलेला बॉल पायथन दोन आठवडे उंदराकडे बघत नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांनी तर आधी त्याला पाच-सात दिवस न हात लावता सोडावं. न खाणं हा त्याचा स्वभाव आहे. विकण्याआधी तो आपणहून तीन-चारदा खात होता का, एवढंच ब्रीडरनं दाखवायचं.

म्हणून घेणाऱ्याच्या वाट्याचं काम: चिकटपट्टी कापण्याआधीपासून सलग व्हिडिओ, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन, पोट, तोंड, डोळे, गुदद्वार यांचे जवळून फोटो, आणि दिसलं ते २४ तासांत लेखी. मग ९० दिवस वेगळी खोली, तळाला पांढरा टिश्यू, वेगळा चिमटा, वेगळी वाटी. घरचे जुने साप आधी उरकायचे, नव्याला सगळ्यात शेवटी हात. हे न करता भरपाई मागणं म्हणजे म्हैस आठवडाभर उपाशी ठेवून दुधाची बोली खोटी ठरवण्यासारखं आहे.

नाव जाहीर करणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं घेत नाही. लहान गिऱ्हाईकाकडे दुसरं हत्यार नसतं. गुपचूप फरक देऊन मिटवणारा ब्रीडर उद्या दुसऱ्याला तोच माल देऊ शकतो, आणि गप्प बसलेले सगळे त्यात सामील ठरतात. बरोबर. पण चूक आणि चोरी यांना एकच शिक्षा दिली तर काय होतं? जो ब्रीडर लिंग लिहून देतो, आईबापाचे फोटो देतो, तोच पकडला जातो, कारण पुरावा त्यानंच दिलेला असतो. जो काहीच लिहून देत नाही त्याच्याविरुद्ध दाखवायला काही नसतं. दोन-तीन वर्षांत प्रामाणिक ब्रीडरही शिकतो: तोंडी बोला, लिहू नका. हा धडा बाजाराला कोण शिकवतंय? माझा क्रम असा: आधी पुराव्यासकट खाजगीत कळवा, सात दिवस द्या, मग काय मागताय ते आकड्यात सांगा, टाळाटाळ झाली तर तारीखवार घटना, दोन्ही बाजूंच्या मजकुरासकट, जाहीर करा. ‘चोर’ हा शब्द त्यात नसला तरी वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं.

जिवंत प्राण्यात फरक-परताव्याची भाषा करू नये, असं म्हणणाऱ्यांत भूतदयावादी आहेत तसे ‘माल परत घेतला जाणार नाही’ असं छापणारे विक्रेतेही आहेत. पहिल्यांचा मुद्दा खरा आहे. साप पुन्हा थर्माकोलच्या पेटीत घालून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून परत पाठवणं हा त्याच्यावर दुसरा अत्याचार आहे, आणि ब्रीडरच्या रॅकमध्ये नवा रोग नेण्याची वाटही. नर-मादीची चूक असेल तर मी म्हणूनच परतीपेक्षा फरकाच्या बाजूनं आहे. पण दुसऱ्यांच्या छापील ओळीला कायद्यात फारशी किंमत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं हीदेखील. ब्रीडर पुण्याचा असो वा मुंबईचा, साप घेणाऱ्याला तो जिथं राहतो तिथल्या, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. अडचण एकच: जोड्या लावून पिल्लं विकायलाच मादी घेतली असेल तर ‘तुम्ही ग्राहक नव्हे, व्यापारी’ असा बचाव समोरून येणारच.

काही गोष्टी मात्र चुकीच्या यादीत बसतच नाहीत. परदेशी केनियन सँड बोआ म्हणून देशी मांडूळ आलं, परदेशी कॉर्न स्नेक म्हणून तस्कर हा देशी साप आला, तर तिथं फरक, परत, समजूत, काही नाही. देशी साप पाळणं-विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे, आणि तो बसनं ‘परत’ पाठवणारा स्वतःच गुन्ह्यात अडकतो. सरळ वनखात्याला कळवायचं. ओळख अवघड नाही: मांडुळाची शेपटी बोथट, डोक्यासारखी, अंग एकरंगी तपकिरी, केनियन बोआचं अंग नारिंगी-पिवळ्यावर गडद ठिपक्यांचं आणि शेपटी निमुळती. कॉर्न स्नेकचं पोट बुद्धिबळाच्या पटासारखं, तस्कराचं साधं पांढुरकं. ‘पेपर नंतर देतो’ हीसुद्धा चूक नव्हे. बॉल पायथन साइटस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनंतर त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, हात बदलले की पुन्हा कळवावं लागतं. कोल्हापूरचा ब्रीडर आणि निपाणीचा गिऱ्हाईक म्हणजे दोन राज्यांची वनखाती. कोगनोळीचा नाका ओलांडला की कागद नसलेला साप कोणाच्याच चुकीनं आलेला नसतो. कॉर्न स्नेक साइटसच्या यादीत नाही, पण बिल तरी घ्याच. नोंदीच्या कागदावर ‘मादी’ लिहिलं असेल आणि नर निघाला असेल, तर पैशांचा फरक मिटल्यावर तोही दुरुस्त करून घ्यायचा. हे नव्वद टक्के लोक विसरतात असं म्हणायचा मोह होतो, पण मोजलेलं कोणी नाही.

राहिली उलटी चूक. १८८७ साली अमेरिकेत मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे रोज नावाच्या गायीचा खटला आला. भाकड समजून तिचा सौदा सुमारे ८० डॉलरला ठरला; ताबा द्यायच्या आधी ती गाभण असल्याचं कळलं, आणि तशा गायीचा भाव साडेसातशेच्या वर होता. विकणाऱ्यानं ती द्यायला नकार दिला आणि बहुमतानं न्यायालयानं त्याची बाजू घेतली: दोघंही एकाच गैरसमजात होते, तेव्हा सौदा मोडता येतो. एका न्यायमूर्तींना हे पटलं नव्हतं. आपल्याकडे साधा म्हणून घेतलेला साप तीन वर्षांनी क्लाऊनचा हेट निघतो तेव्हा ताबा कधीच झालेला असतो, ब्रीडर तो मागायला येणार नाही, आणि त्याला पैसे पाठवा असं मीही म्हणत नाही. पण फोन करा. एका रॅकमधल्या दोन डब्यांच्या चिठ्ठ्या बदलल्यानंही असं होऊ शकतं. तसं होऊन तुमच्याकडे हेट आला असेल तर त्याच रॅकमधला कोरा साप हेटच्या किमतीला गोकाकला किंवा हुबळीला कोणाच्या तरी घरी गेलाय, तो माणूस त्याला क्लाऊन नराची जोडी लावून वाट बघतोय, आणि ब्रीडरच्या वहीत त्याचा नंबर अजून सापडण्याजोगा आहे.